कीड समितीचा कोरम

पावसाळ्यात बैठकीहून घरी आलो की माझ्या छत्रीतून दोन गोष्टी गळतात. एक पाणी, दुसरा किस्सा. पाणी सुकतं. किस्से मात्र साठत जातात. आता इतके साठलेत की बायको म्हणाली, "अहो, एकदाचे कुठंतरी सांडून या!" म्हणून सांडतोय.

आमची समिती म्हणजे कर्जत आणि खालापूर, दोन्ही तालुक्यांची मिळून कीड सल्लागार समिती. भातावर कुठली कीड पडली, फवारायचं की थांबायचं, हा सल्ला आम्ही द्यायचा. अध्यक्ष वरचे साहेब. त्यांच्या खुर्चीवर टॉवेल असतो, साहेब दौऱ्यावर असतात. सगळा गाडा ओढतात त्या कृषी खात्याच्या साळवी मॅडम. त्या सदस्य सचिव. शिकलेल्यांत एक डॉक्टर. माणसांचे नव्हेत, किड्यांचे! औषधविक्रेत्यांच्या वतीनं कशेळ्याचे रमेशशेठ. महिला प्रतिनिधी यमुनाबाई. आणि शेतकरी प्रतिनिधी तालुक्याला एकेक. कर्जतकडून पोशीरचा मी, खालापूरकडून लोधिवलीचा भिकू.

मला सगळे नाना म्हणतात. शाळा बेताची, बोलणं त्याहून बेताचं. मी एक वाक्य सुरू केलं की मधे चहा येऊन जातो. भिकू माझ्या उलटा. आपण तोंड उघडायच्या आत त्याचं उत्तर तयार. म्हणून यातले निम्मे किस्से त्याचेच आहेत. यंदा त्याची समितीतली खुर्ची जायची वेळ आली होती, तेही सांगायचंय. पण तिथं पोचायला वेळ लागेल. सावकाश बोलतो, म्हटलं ना!

*

पहिली बैठक. साळवी मॅडम घड्याळाकडं बघत म्हणाल्या, "कोरम झाल्याशिवाय सुरू करता येणार नाही."

भिकू माझ्या कानाशी आला. "नाना, कोरम म्हंजे काय रं?"

मी विचार केला. सरकारी बैठक, मोठं टेबल, पंखा. म्हटलं, "कुर्मा असंल."

भिकूनं लगेच घरी फोन लावला. "माझी भाकरी टाकू नको गं. हितं कुर्मा हाय!"

बैठक झाली. चहा आला, दोन दोन बिस्किटं आली. लोक उठायला लागले. भिकू काही उठेना. मॅडम म्हणाल्या, "भाऊ, काही राहिलं का?"

"मॅडम, कोरम कधी?"

"झाला की मघाशीच!"

"आमाला नाय मिळाला!"

मग मॅडमनी हसू आवरून समजावलं. कोरम म्हणजे ठरलेली माणसं हजर असणं. तेवढी नसली तर बैठक धरत नाहीत. शेतावर पाहणी असली आणि एखादं माणूस कमी पडलं, तर त्या जमिनीच्या सातबाऱ्यावर ज्याचं नाव आहे, त्या शेतकऱ्याला निमंत्रित म्हणून मोजता येतं.

भिकूनं मान डोलावली. "मंग कुर्म्यासारखंच झालं की! कमी पडला की वरून पाणी घालायचं."

तरी त्या दिवशी बिचारा उपाशीच घरी गेला. चूक माझी होती, म्हणून स्टँडवर मी त्याला वडापाव चारला. आमची दोस्ती तिथून धरा.

*

दोन तालुक्यांची एक समिती असली की एक गोष्ट हमखास होते. कीड नेहमी दुसऱ्या तालुक्याची असते!

एका साली भातावर निळे भुंगेरे आले. पानं खरवडून पांढरी केली. भिकू उभा राहिला आणि माझ्याकडं बोट करून म्हणाला, "हे यांच्याकडनं आलं. आमचा तालुका निर्मळ हाय."

मी म्हटलं, "आमच्याकडं..." आणि चहा आला.

डॉक्टर वैतागून म्हणाले, "अहो भाऊ, भुंगेऱ्याला तालुका कळतो का?"

"कळत नाय कसा? पोशीरला नुसता बसतो. आमच्याकडं आला की पाहुण्यावानी खातो!"

*

डॉक्टर माणूस सरळ. समजावून सांगतात, चिडले तरी पुन्हा सांगतात. एकदा त्यांनी टेबलावर एक पिशवीसारखं काहीतरी ठेवलं आणि म्हणाले, "हा कामगंध सापळा."

नाव ऐकूनच आम्ही पुरुष मंडळी टेबलाकडं बघायला लागलो. डॉक्टरांना त्याचं काहीच नाही. त्यांनी खुलासा केला की यात खोडकिड्याच्या मादीचा वास ठेवलेला असतो. त्या वासानं नर पतंग लांबून लांबून येतात आणि आत अडकतात.

रमेशशेठ खिशातलं पेन काढून परत खिशात ठेवत होते. तेवढ्यात यमुनाबाई पदर सावरून म्हणाल्या, "मंग डॉक्टर, ह्यात नवा शोध काय लागला? आमच्या गावच्या जत्रेत दर साली ह्येच चालतं!"

त्या बैठकीत पुढं काय ठरलं ते कुणालाच सांगता येणार नाही.

*

मग मोबाईल आले आणि समितीचा ग्रुप निघाला. मॅडमनी नियम घातला की शेतकऱ्यानं किडीचा फोटो टाकायचा, डॉक्टरांनी सल्ला द्यायचा. बाकी काही टाकायचं नाही.

पण आनंद कुणाला आवरतो? यंदा रमेशशेठना नातू झाला. त्यांनी दुपट्यातल्या बाळाचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, 'आमच्याकडे नवीन पाहुणा!'

डॉक्टर त्या वेळी कुठंतरी डोंगराकडं होते. तिथं रेंज नाही. फोटो उघडेना, नुसती अक्षरं दिसली. त्यांनी जबाबदारीनं उत्तर पाठवलं, 'घाबरू नका. आत्ताच बंदोबस्त केला तर आटोक्यात राहील. आसपास आणखी आहेत का, ते बघून कळवा.'

उत्तर भिकूनं दिलं. त्यानं बोलून पाठवलं, म्हणजे सगळ्यांना त्याच्या आवाजातच ऐकावं लागलं. "डॉक्टर, फवारू नका! शेठचा नातू हाय तो!"

*

आता त्या खुर्चीचं सांगतो.

लोधिवली हायवेला लागून. भिकूच्या पोरांची कामं शहरात. भाताचा चिखल त्यांना नको होता. त्यांनी जमीन देऊन टाकली. मी कुणाला नावं ठेवत नाही, घराघराची गोष्ट आहे. त्या जागेवर एका मुंबईच्या शेठचा बंगला उभा राहिला. आणि भिकू? शेठनं त्यालाच बागेवर ठेवलं. फाटकाची किल्ली त्याच्याकडंच.

मी विचारलं होतं, "कसं वाटतं रे, आपल्याच जागेत?"

"बरं वाटतं. आता वेलीफुलांना पाणी घालतो. भात नाय. पण नाना, फुलांवर कीड पडली तर सांगायला आपली समिती हाय ना!"

तर ती समितीच त्याला राहिना. नियम असा की शेतकरी प्रतिनिधी स्वतः भात पिकवणारा पाहिजे. पुढच्या बैठकीत मॅडमनी तो नियम वाचला. वाचताना त्यांचा आवाज बारीक झाला. भिकूच्या पुढ्यातल्या चहावर साय धरली.

शेवटी म्हणाला, "म्हंजे माझ्याकडं कीड नाय, म्हणून मला काढणार?"

"तसं नाही हो भाऊ." मॅडमनी नियमाचा कागद बाजूला ठेवला. "असं करू. आवणी, म्हणजे रोपं लावून झाली की पाहणी ठेवते. खालापूर तालुक्यात तुम्ही स्वतः लावलेलं भाताचं उभं पीक दाखवा. मग तुमचं नाव काढायला कुणी सांगणार नाही."

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "भिकू, माझं भाताचं एक खाचर घे. बांधाकडचं. तू लाव, तू काप."

माझं वाक्य या वेळी त्यानं पूर्ण होऊ दिलं. मग छत्री उघडत म्हणाला, "पोशीरला? नाना, खुर्ची गेली तरी चालंल, पण कर्जत तालुक्याचा शेतकरी म्हणून मरायचं नाय मला!"

हसला. मीही हसलो. पण गाडीत बसल्यावर मला उगाच वाटत राहिलं की आता बैठकीला आपल्या शेजारची खुर्ची रिकामी. मग भुंगेरे माझ्याकडचे कोण म्हणणार?

*

पाहणीचा दिवस आला. पाऊस उघडला होता. भिकूचा फोन आला होता, "या. पीक उभं हाय." कुठं ते सांगितलं नाही, नुसतं बंगल्याच्या फाटकाशी बोलावलं.

जीपमधून आम्ही उतरलो. मॅडम, डॉक्टर, यमुनाबाई आणि मी. रमेशशेठ नव्हते, नातवाचं बारसं होतं. मॅडमनी तिथंच कपाळाला हात लावला. पाहणी भिकूचीच, म्हणून भिकूला मोजता येत नव्हतं. कोरमला एक माणूस कमी!

"पाहणी धरता येणार नाही हो, भाऊ."

"बघून तर घ्या," असं म्हणत भिकूनं बंगल्याचं फाटक उघडलं. हिरवळ ओलांडून, झोपाळ्याच्या बाजूनं तो आम्हाला मागल्या अंगाला घेऊन गेला.

तिथं पोहण्याचा तलाव होता. शेठनं खणला, सिमेंट केलं, एका बाजूला चकचकीत शिडी बसवली आणि फरशी लावायच्या आधी काम थांबलं. बाजूचा मातीचा ढीग पावसानं वाहून आत गेला. "थोडा मीही ढकलला," भिकू म्हणाला. आणि त्या तलावात, चारी भिंतींच्या आत, हिरवंगार भात उभं होतं!

यमुनाबाई म्हणाल्या, "अगं बाई! भाताला शिडी!"

डॉक्टरांनी पँट दुमडली आणि शिडीनं खाली उतरले. वाकले. पाण्यावर पानांच्या बारीक बारीक सुरळ्या तरंगत होत्या. एक उचलून उलगडली, आत हिरवी अळी. "सुरळीतली अळी!" डॉक्टर ओरडले.

मी इतकी वर्षं शेती करतो. कीड सापडली म्हणून एवढा खूश झालेला शेतकरी मी पाहिला नाही. भिकूचं तोंड सणासारखं झालं. "बघा मॅडम! माझ्याकडं पण हाय! आणि ही पोशीरची नाय, खास खालापूरची!"

या अळीवर आमच्या समितीचा सल्ला जुनाच आहे. दोघांनी दोन बाजूंनी दोर धरायचा, भातावरून ओढत न्यायचा, म्हणजे सुरळ्या पाण्यात पडतात. मग पाणी काढून टाकायचं आणि सुरळ्या गोळा करायच्या. भिकूनं दोर तयारच ठेवला होता. एक टोक घेऊन तो चिखलात उतरला, दुसरं टोक घेऊन समोरच्या कोपऱ्यात मी.

मॅडम म्हणाल्या, "पण पाणी काढणार कुठून? बांध कुठाय फोडायला?"

"बांध कशाला? ह्याला बूच हाय!"

आम्ही दोर ओढला. मला तरणं झाल्यासारखं वाटत होतं, पण खांदा ते मानायला तयार नव्हता. मी थांबलो. तेवढ्यात फाटकाशी हॉर्न वाजला.

शेठ! गाडीतून शेठ उतरले, शेठाणी उतरल्या, आणि कमरेला फुगवलेलं बदक अडकवून त्यांची छोटी मुलगी उतरली. तिघं तलावाच्या काठाशी येऊन उभी राहिली. मुलीनं भाताकडं बघितलं, मग आपल्या बदकाकडं बघितलं.

"हा माझा स्विमिंग पूल आहे!" शेठ म्हणाले.

भिकू खालून शांतपणे म्हणाला, "हो शेठ. तुमीच फोनवर म्हणालात ना, पाणी साठून डास होतात, काहीतरी कर? केलं."

शेठनी मॅडमकडं बघितलं. मॅडमनी डॉक्टरांकडं बघितलं. डॉक्टरांच्या हातात अळी होती, त्यांनी ती नम्रपणे पुढं केली. शेठ एक पाऊल मागं सरकले. मी दोर धरून उभा. भिकूकडं बघायचं माझ्यानं होईना. आता खुर्ची तर जाणारच, फाटकाची किल्लीही जाणार.

मुलगी खाली वाकून म्हणाली, "पप्पा, यात तांदूळ येणार?"

"येणार गं बाय," भिकू म्हणाला. "पयला भात तुलाच."

मग मॅडमनी घसा साफ केला. "साहेब, एक विचारू? या जमिनीच्या सातबाऱ्यावर शेतकरी म्हणून नाव तुमचंच ना?"

"हो. का?"

"शेठ," भिकू खालून ओरडला, "सरकारी पाहणी चालू हाय. बूट काढा आणि या. ते टोक धरा, आमच्या नानाचा खांदा गेलाय!"

शेठनी मुलीकडं बघितलं. मग खाली बसून एक बूट काढला. मग दुसरा. शिडीवरून पाय चिखलात टाकताना जरा किंचाळले, पण उतरले. मी त्यांच्या हातात दोर दिला. मॅडम घाईघाईनं लिहायला लागल्या. लिहिता लिहिता त्यांनी मान वर केली आणि म्हणाल्या, "झाला! कोरम झाला!"

शेठनी दोर घट्ट धरून विचारलं, "कोरम? म्हणजे काय?"

समोरच्या टोकाकडून भिकूनं त्यांना नीट न्याहाळलं आणि काळजीनं विचारलं, "शेठ, घरनं जेवून निघालायत ना?"