नाव बरोबर होतं

"दादा, ह्यो कागुद तुमीच लिवला ना?"

दुकानाच्या पायरीवर एक कोळीण उभी होती. दोन्ही हातांत कोपरापर्यंत हिरवा चुडा, आणि एका हातात माझी चिठ्ठी. अक्षर माझं, खाली रबरी शिक्काही माझाच. 'लाल चकती तपासली. अस्सल आहे.'

"हो, मीच लिहिली. का?"

"मंग माजा घरवाला मेला?"

माझ्या हातातली छिन्नी खाली पडली. तीन दिवसांपूर्वी मी ही चिठ्ठी चहा पिता पिता लिहिली होती.

आधी माझा धंदा सांगतो. ठाण्यात मी नावाच्या पाट्या आणि शिक्के करायचो. लढाईच्या काळात मात्र मी एका लष्करी डेपोत होतो, आणि तिथे काम एकच: सैनिकांच्या ओळखीच्या चकत्यांवर नंबर आणि नाव ठोकणं. चकती म्हणजे रुपयापेक्षा जरा मोठा, फायबरचा तुकडा. प्रत्येकाच्या गळ्यात दोन असायच्या, एक हिरवी, एक लाल. माणूस पडला की हिरवी देहाबरोबर राहायची आणि लाल कापून कचेरीत जायची. थोडक्यात, लाल चकती एकटी परत आली की तो माणूस गेला.

लढाई संपल्यावर कल्याणच्या कॅम्पातला उरलासुरला माल भंगारात निघाला. टोप्या, बिल्ले, चकत्या, सगळं. डोंबिवलीचे सबनीस म्हणून एक रिटायर्ड ओव्हरसियर त्याचा संग्रह करायचे. मागणी आली तशा नकला आल्या. म्हणून सबनीस प्रत्येक वस्तू आधी मला दाखवत. मी भिंग लावून बघायचो आणि चिठ्ठी द्यायचो. सबनीस माझी चिठ्ठी म्हणजे ब्रह्मवाक्य मानत, त्यामुळे मी थोडा फुगलोही होतो.

तीन दिवसांपूर्वी एक आडदांड माणूस लाल चकती घेऊन आला होता. "डोंबिवलीच्या सायबाला इकायची हाय, असली हाय असा लिवून द्या." मी बघितलं. फायबर लष्करी. ठसे लष्करी, कारण त्यातला इंग्रजी ओ जरा चपटा, आमच्या डेपोसारखाच. दोरा मळका. नाव पोशा कोळी. अस्सल, म्हणून मोकळा झालो.

तो माणूस म्हणजे या बाईचा, हिराचा, धाकटा दीर गोमा, हे आता तिच्या बोलण्यातून कळलं. चकती त्याने सबनीसांना विकलीच नाही. ती आणि माझी चिठ्ठी घेऊन तो थेट बाळकुमच्या पाटलाकडे गेला. पोशा लढाईवर गेला तो परत आलेला नव्हता. होडी दोघा भावांची. पोशा मेला असं ठरलं की होडी गोमाची, आणि हिराने एक तर त्याच्याशी पाट लावायचा, नाहीतर घर सोडायचं. पाटलाने येत्या रविवारी सकाळी पंच बसवायचे ठरवले होते.

"आयतवारी माजा चुडा फोडनार हान," ती म्हणाली. "पाटलाकडून ह्यो कागुद मांगून आनलाय. तुमी बघितलाव, तर तुमीच सांगा. मेला का जिता हाय?"

आजवर चूक झाली असती तर सबनीसांच्या काचेच्या कपाटात एक खोटा बिल्ला वाढला असता, एवढंच. इथे माझ्या एका शब्दावर एका बाईचं कुंकू पुसलं जाणार होतं.

"सरकारचं काही पत्र आलं होतं?"

तिने कमरेच्या पिशवीतून घडी काढली. इंग्रजी पत्र होतं. शाळामास्तरांनी तिला एकच शब्द वाचून दाखवला होता, बेपत्ता. मी माझी वही काढली. तपासलेल्या प्रत्येक चकतीचा नंबर मी टिपून ठेवायचो. पत्रातला नंबर आणि चकतीवरचा नंबर, आकड्याला आकडा जुळला. म्हणजे खरंच गेला की काय?

मग नाव वाचलं. पत्रात पोशा कोळी नव्हतं. पोशा बाळकुम होतं.

खुर्चीत बसलो आणि मोठ्याने हसलो. हिरा घाबरून मागे सरली. पण मला तो भरतीचा कारकून डोळ्यांसमोर दिसत होता. हिंदी बोलणारा. "नाम?" "पोशा." "आगे?" त्याला हवं होतं आडनाव. आपला माणूस समजला, पुढे काय, म्हणजे गाव. "बाळकुम." झालं, गाव आडनाव होऊन बसलं. डेपोत यादीवरून मी असे किती पनवेल आणि किती उरण ठोकले असतील, मोजदाद नाही. एकदा यादीत चढलं की तेच पत्रावर, तेच चकतीवर. यादी कोण सुधारणार?

म्हणजे गोमाने वहिनीच्या पत्रातले आकडे कुणाकडून तरी उतरवून घेतले आणि नाव तोंडी सांगितलं. खरं नाव. भंगारातली कोरी चकती, भंगारातलेच ठसे. माल सगळा अस्सल, आणि चकती खोटी.

पत्र आणि चिठ्ठी मी हिराकडून ठेवून घेतली आणि शनिवारी सबनीसांना गाठलं.

"अहो लेले, गप्प बसा!" ते म्हणाले. "तुमची एक चिठ्ठी खोटी ठरली, तर माझ्या चाळीस वस्तूंना कोण विचारणार?"

"आणि त्या बाईचं काय?"

ते चष्मा पुसत बसले. मी दारातून निघताना म्हणाले, "एकटे जाऊ नका."

रविवारी एकटाच गेलो. दुसरं कोण येणार? बाळकुमच्या वाटेवर मला दोनदा परत फिरावंसं वाटलं. गावाच्या तोंडाशी गोमा उभा होता. "लेलेशेठ, आलाव तसं जावा. खाडी जवल हाय." मी त्याच्याकडे न बघता पुढे चालत राहिलो.

पंचांसमोर चकती ठेवलेली. बाजूला हिरा, मान खाली.

पाटील म्हणाला, "नाव बरोबर हाय ना पोशाचा?"

"बरोबर आहे. म्हणूनच खोटी आहे."

लोक हसले. गोमा सगळ्यात मोठ्याने. मी पत्र चकतीशेजारी ठेवलं. पंचांत इंग्रजी वाचता कुणालाच येत नव्हतं, पण मोजता सगळ्यांना येत होतं. "पाटील, दुसऱ्या शब्दाची अक्षरं मोजा." पाटलाने चकतीवर बोट फिरवलं. चार. पत्रावर फिरवलं. सहा. पुन्हा मोजलं. पुन्हा चार आणि सहा. मग मी त्यांना तो 'आगे' सांगितला, आणि माझी चिठ्ठी सगळ्यांदेखत फाडली.

पाटील गोमाकडे वळला. गोमाची जागा रिकामी होती.

चुडा राहिला. हिरा मला गावाबाहेरपर्यंत पोचवायला आली आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला. "मंग जिता हाय?"

"ते मला चकतीवरून कळत नाही, बाई."

ती माघारी वळली. महिन्याभराने दुकानात आली, होडीसाठी पितळी पाटी करून घ्यायला. मी विचारलं, "काय लिहू? पोशा कोळी?"

"नाय. पोशा बालकुम. सरकारात ज्या नावानं तो हरवलाय, त्याच नावानं सोदतील ना?"

मी पाटी केली. पोशा आला नाही. पाटी होडीवर शेवटपर्यंत होती, असं पाटलाकडून कळलं.

सबनीस नंतरही माल आणत राहिले. पण मी चिठ्ठीवर 'अस्सल' लिहिणं सोडलं. 'फायबर जुनं आहे' एवढंच लिहितो. त्याखाली शिक्का मारत नाही.