बोटीच्या पोटातून आलेली हाक

मी आठवीपर्यंतच शिकलेय, त्यामुळे नीट लिहिता येईल की नाही माहीत नाही. पण जे झालं ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. आमचा ओम अजून धड बोलत पण नाही, आणि त्याला दम्याचा त्रास आहे. आम्ही मुंबईजवळ कोपरला राहतो. रस्त्याचं काम काढलं की धूळ थेट घरात, आणि मग त्याची छाती अशी वाजते की मी भांडी टाकून धावत येते. डॉक्टरांनी श्वासाच्या औषधाचा पंप दिलाय, तोंडाला मास्क लावून द्यायचा. दिला की बरं वाटतं. पण मधे सारखाच त्रास चाललेला, आणि खोटं कशाला बोलू, माझा देवावरचा विश्वास पण उडायला लागलेला. तेव्हा सासूबाई म्हणाल्या, गावी जाऊ, देवीसमोर गाऱ्हाणं घालू. आमच्याकडे गुरव आपलं मागणं देवीला मोठ्याने सांगतो आणि बाकीचे "व्हय म्हाराजा" म्हणतात. गाव विजयदुर्गजवळ. घाटातल्या वळणांनी ओमला उलट्या होतात, म्हणून ह्यांनी रात्रीच्या बोटीचं तिकीट काढलं. मुंबईच्या धक्क्यावर गाडी बोटीत चढवायची आणि सकाळी विजयदुर्गला उतरायचं. मला पाण्याची भयंकर भीती, कळव्याच्या खाडीपुलावरून जाताना पण मी डोळे मिटते. हे म्हणाले, "अगं, एवढ्या गाड्या पोटात घेऊन जाते ती, तुझं वजन काय तिला!"

आमच्याकडे प्रवासाला निघताना एक पद्धत आहे. जे जपायचं ते आधी देवीच्या पायाशी ठेवायचं. गाडीत पुढे, काचेजवळ देवीचा फोटो आहे. सासूबाईंनी तिथे नारळ ठेवला आणि बाजूला ओमचा पंप मास्कसकट, त्याला कुंकवाचं बोट लावून. मी म्हटलं, "आई, हा पिशवीत घेते ना." तर म्हणाल्या, "ऱ्हवांदे तिच्या पायाकडे. तुझ्या पिशयेपेक्षा तिका जास्त काळजी." मी तो तिथेच राहू दिला. धक्क्यावर ही घाई, मागचे हॉर्न मारतायत, बोटीवरचे लोक ओरडतायत "चला चला, गाडी लॉक करा, वरती चला", ओम कडेवर, पिशवी खांद्याला, तशीच जिना चढून वर बसायच्या हॉलमध्ये गेले. पंप खाली गाडीत देवीपुढेच राहिला.

मला कळलं तेव्हा बोट कधीच सुटलेली, किनाऱ्याचे दिवे पण दिसेनासे झालेले. वारा सुटलेला, बोट या कुशीवरून त्या कुशीवर. ओम झोपेतून उठला तो खोकतच, आणि बघता बघता श्वास घेताना त्याच्या बरगड्यांमधे खड्डे पडायला लागले. मी पिशवी उलटी केली. कपडे, बिस्किटं, दुधाची बाटली. पंप नाही. मग आठवलं आणि मी ओरडले, "पंप खाली गाडीत राहिला!" हे जिन्याकडे धावले, तर खालच्या दाराला कुलूप. तिथे एक वयस्कर खलाशी होता. तो म्हणाला, "दादा, चालत्या बोटीत खाली कोणाला सोडत नाय. समुद्र खवळलाय, गाड्या हलतायत, मधे सापडलात तर? थांबा, वर साहेबांना विचारून येतो." माणूस वाईट नव्हता, पळतच गेला. पण लवकर येईना. सासूबाईंचं तोंड एवढंसं झालेलं. "माझाच चुकला गो," एवढंच म्हणाल्या. मी ओमला मांडीवर सरळ धरलं आणि मनातल्या मनात देवीशी भांडले. म्हटलं, औषध तुझ्याकडे आहे आणि मला तुझ्यापर्यंत येऊ देत नाहीत. मी अजून काय करू? आता तुझं तू बघ.

आणि खालून आवाज सुरू झाला. गाडीला चोरीचा अलार्म असतो ना, तो. कुंई कुंई कुंई, थांबेचना. लोक उठून बसले. एकजण चिडून म्हणाला, "कोणाची गाडी आहे रे, झोपू दे ना बाबा!" तेवढ्यात माइकवर गाडीचा नंबर सांगितला, मालकाने लगेच खालच्या दाराशी यावं. नंबर आमचा! तो खलाशी चाव्या हातात घेऊनच उतरत होता. "चला दादा, साहेब बोलले बोंब बंद करा पहिली, आणि पोराचं औषध पण घेऊन या. माझा हात सोडू नका."

हे पंप घेऊन वर आले, कुंकू तसंच. मी मास्क लावला. थोड्या वेळाने छातीतली शिट्टी कमी झाली, खड्डे भरले, आणि ओमने डोळे उघडून पहिलं काय केलं तर आजीचं नाक ओढलं. त्या रडत रडत हसायला लागल्या.

हे म्हणतात, बोट जोरात कलली की अलार्म वाजतो. खलाशी पण म्हणाला, होतं असं कधी कधी. असेल. खाली एवढ्या गाड्या, सगळ्याच हलत होत्या, पण वाजली आमची एकटीची. मी कोणाशी वाद घालत नाही. मला एवढंच कळलं की देवीवर सोपवायचं म्हणजे आपल्या हातातलं काम तिच्यापुढे टाकून मोकळं व्हायचं नाही. पंप तिथे ठेवून आम्ही तेच केलेलं. आपला हात जिथे संपतो तिथून पुढचं तिचं. माझा त्या कुलपापाशी संपला, आणि तिथे मी सोडलं. तेव्हापासून मला भीती वाटते, पण ती आता मला गिळत नाही.

उतरल्यावर आधी ओमला डॉक्टरांना दाखवलं, मग देवळात गेलो. सासूबाईंनी ओटी भरली. गुरवकाकांनी हात जोडून विचारलं, "बोला, काय गाऱ्हाणं घालू?" सासूबाईंनी मला कोपराने ढोसलं, "सांग गो." घरातून निघताना केवढं मागायचं ठरवलेलं मी. पण तोंडातून आलं, "काका, मागायचं काय नाय. आम्ही पोचलो, तेवढं तिला सांगा."

काकांनी माझ्याकडे बघितलं आणि गाभाऱ्याकडे तोंड करून मोठ्याने म्हणाले, "आई, तुझी लेकरां पोचली गो!"

सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या, "व्हय म्हाराजा."