आत्यानं कधीच न चाखलेला पदार्थ

रत्नाआत्याकडे जेवताना ‘छान झालंय’ म्हणून सुटायची सोय नव्हती. पहिला घास घेतला की ती समोरून विचारायची, “काय लागलं आधी?” मग मीठ, आंबट, तिखट जे काही असेल ते क्रमानं सांगावं लागे. मी हैदराबादेत जामबागच्या एका कॉलेजात मराठी शिकवते, शब्दांची मला वाण नाही. पण तिच्यासमोर माझी पंचाईत व्हायची. “छान म्हणजे काय, बेटा? छान तर पडदेही असतात,” ती म्हणायची.

ती हौसेनं विचारत नसे. तिला खरोखरच कळत नव्हतं. करोनाच्या साथीच्या वर्षी ती तापातून उठली ती वास आणि चव दोन्ही गमावून.

आत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. परभणीकडून हैदराबादला आलेल्या आमच्या घरातली पहिली नोकरी तिची, सरकारी दवाखान्यात नर्सची. नवरा लवकर गेला. काचीगुड्याच्या दोन खोल्यांत तिनं मुलाला, संदीपला वाढवलं आणि माझ्या वडिलांनाही शिकवलं. रविवारी विहारातून वंदना करून घरातले सगळे तिच्याकडेच जेवायला जायचे, ते माझ्या जन्माच्याही आधीपासून.

तापानंतरच्या एका रविवारी आमटीत मीठ दुप्पट पडलं. आम्ही पाण्याबरोबर घास उतरवत राहिलो. पण आत्यानं सारा जन्म रोग्यांचे चेहरे वाचले होते. वडिलांनी तिसऱ्यांदा तांब्या उचलला तेव्हा ती शांतपणे म्हणाली, “अशोक, खारट झालंय ना? मग गिळतोस कशाला?” ती उठली आणि पातेलं मोरीत पालथं केलं. त्यानंतर चार महिने तिनं गॅसला हात लावला नाही. डबा सुरू झाला. आम्ही जायचो, पण ती आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची.

संदीप तेव्हा नुकताच मेक्सिकोहून परतला होता. तिथं एका कारखान्यात तो दोन वर्षं कामाला होता. एकदा तो आम्हाला तिथल्या घरमालकिणीच्या रविवारच्या जेवणाचं सांगत होता. डुकराचं खांद्याचं मटण मोठे तुकडे करून संत्र्याच्या रसात आणि चरबीत मंद आचेवर तासन् तास शिजवायचं, मग काट्यानं त्याचे धागे सोडवायचे. कार्नितास म्हणतात त्याला.

आत्या दारात येऊन उभी होती. “शिजलं हे कसं कळतं त्या बाईला?”

“बोटानं दाबून बघते.”

“चाखून नाही?”

“नाही. मीठ आधीच चोळलेलं असतं.”

“हौ,” आत्या म्हणाली आणि पुन्हा आत गेली.

पुढच्या रविवारी तिनं सिकंदराबादहून मटण आणवलं. वडील म्हणाले, “अक्का, आधी साधी आमटी करून बघ की. हे आपल्यात कुणी केलंय?”

“म्हणूनच हे करते. माझी आमटी तुमच्या जिभेवर चाळीस वर्षं बसलीय. जरा चुकली की तुमची तोंडं बदलतात. हे माझ्या हातचं कुणीच खाल्लेलं नाही. मीही नवी, तुम्हीही नवे.”

त्या दिवशी मी सकाळपासून तिच्याजवळ होते. मीठ तिनं औषधासारखं मोजलं. तुकड्यांना ते लसणासकट चोळलं, जाड बुडाच्या पातेल्यात चरबी, संत्र्याचा रस, दालचिनी, तमालपत्र घातलं आणि शेजारी खुर्ची ओढून बसली. चार तास ती तिथून उठली नाही. रोग्याच्या उशाशी बसावं तशी बसली होती. मधूनच मला म्हणायची, “वास घे आणि सांग. जळका आहे?” मी सांगायचे, संत्र्याच्या सालीचा आहे, लसूण गोडसर वाटतोय. एकदा तिनं हात वर करून मला गप्प केलं. “ऐक. रस आटला. आता नुसती चरबी बोलतेय.” मला काही फरक कळला नाही. मी झाकण काढलं, तर तळाशी खरंच पाण्याचा थेंब नव्हता आणि कडा सोनेरी व्हायला लागल्या होत्या.

तळहाताएवढ्या ज्वारीच्या भाकऱ्या, वर ते मटण, कांदा, कोथिंबीर, लिंबू. संदीपनं घास घेतला. आत्या जेवत नव्हती, त्याच्याकडे बघत होती.

“आधी कुरकुरीत लागलं,” तो सावकाश म्हणाला. “मग मऊ. मग संत्रं. मीठ शेवटी येतं.”

“किती?”

“लागतं तेवढंच, आई.”

तिनं त्याचा चेहरा नीट तपासला, मग माझा, मग वडिलांचा. तेव्हा कुठं स्वतःला वाढून घेतलं. चव नव्हती, पण कडांचा कुरकुरीतपणा दातांना कळत होता. त्या दिवशी तिनं दुसरी भाकरी मागितली, आणि वडील ती आणायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात गेले ते बराच वेळ बाहेर आले नाहीत.

मग हळूहळू आमटीही परतली. “तुमची जीभ, माझे हात,” ती म्हणायची. चव आणि वास तिला पुन्हा कधीच आले नाहीत. तीन वर्षं ती आमच्या शब्दांवर स्वयंपाक करत होती, आणि खोटं बोलणं तिच्या घरात जमतच नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात तिचं हृदय थकलं. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, आता पथ्य नको, जे मागतील ते द्या. त्याचा अर्थ आत्याला आमच्याआधी कळला. ती म्हणाली, “मग ते मटण आण. तू कर.”

मी पहिल्यांदाच एकटीनं केलं आणि डबा घेऊन गेले. तिनं चिमटीत एक धागा धरला, अंगठ्यानं दाबला, आणि माझ्याकडे बघितलं.

“अर्धा तास आधी उतरवलंस.”

भेटीची वेळ टळू नये म्हणून मी उतरवलं होतं. कुणाला सांगितलंही नव्हतं.

“वाईट झालंय का?” मी विचारलं.

“अजून शिकायला वाव आहे,” ती म्हणाली, आणि उशी मागे सरकवून ताठ बसली. त्यानंतरच्या शेवटच्या चार दिवसांत तिला दूधसुद्धा गेलं नाही. पण त्या दिवशी तो डबा तिनं सावकाश, एकेक धागा चावत, पुरता संपवला.