पुसदला शाहीनकडे जायचं राहिलं होतं

अकरा वर्षं मालदीवच्या एका बेटावर गणित शिकवून मी कायमची घरी आले, त्याला दोन आठवडे झाले होते. घर कळंबपासून सहा किलोमीटरवरच्या खेड्यात. आई रोज भाकरीवर लोणी घालून वाढत होती, भाऊ-वहिनी कापूस वेचणीच्या गडबडीत, आणि मी नुसती बसून. तिकडे सुट्टी शुक्रवार-शनिवारी, रविवारी शाळा. त्यामुळे इथं रविवार उजाडला की मी सहाला आंघोळ करून तयार! आई हसायची.

अशाच एका रविवारी आई म्हणाली, "रिकामी बसून काय राह्यली? शाहीनकडे जाऊन ये ना. कॉलेजात होती तवा घरच्यापेक्षा तिचंच नाव जास्त घेत होती तू."

शाहीन माझी बी.एड.ची मैत्रीण. यवतमाळला दोन वर्षं एका बाकावर बसलो. ती लोहाऱ्याची, रशीदचाचा मेकॅनिकची एकुलती मुलगी. मालदीवच्या नोकरीसाठी आम्ही दोघींनी मिळून अर्ज केला आणि दोघींची निवडही झाली. गेले मी एकटीच. मग फोन कमी झाले, बंद झाले. तिचं लग्न होऊन ती पुसदला आहे आणि तिथंच शिकवते, एवढंच ऐकून होते. पत्ता तिच्या वडिलांकडे मिळणार होता. मी पिशवीत दोन ड्रेस टाकले आणि निघाले.

पहिला दिवस: कळंब, लोहारा

भावानं गाडीवर कळंबला सोडलं. बसला वेळ होता, म्हणून चिंतामणी गणपतीचं दर्शन घेतलं. पायऱ्या उतरून खाली गेलं की गारवा लागतो, आणि आवाज आपोआप लहान होतो. सकाळी लवकर गेलात तर गर्दी नसते. चतुर्थी मात्र टाळा. परीक्षेच्या आधी आम्ही दोघी यवतमाळहून इथं यायचो. मी आत जायची, शाहीन बाहेर दुकानाच्या सावलीत बसून माझ्या वहीतली टिपणं पाठ करायची. "तू देवाले सांग, मी वहीले सांगते," म्हणायची. मार्क तिलाच जास्त पडायचे.

बसमध्ये मी कंडक्टरला पूर्ण तिकिटाचे पैसे दिले. त्यानं अर्धे परत केले.

"ताई, बायायले अर्धं तिकीट आहे. कुठून आल्या?"

"कळंबहूनच."

"मंग माहीत नाही?" त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी खोटं बोलत होते. तासाभराच्या आत यवतमाळ आलं. रस्ता आता रुंद झालाय. दोन्ही बाजूंना पांढरा कापूस, मध्येच तुरीचा पिवळा फुलोरा. तिकडे बेट या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस मिनिटांत चालून व्हायचं आणि पुढं पाणीच. इतकी जमीन एकाच वेळी बघायची माझ्या डोळ्यांची सवय गेली होती.

बसस्टँडबाहेर आलुबोंडा खाल्ला, वर रस्सा ओतलेला. डोळ्यांत पाणी आलं, तिखटानंच आलं. मग ऑटोनं लोहारा.

चाचांचं गॅरेज एमआयडीसीच्या अलीकडे, होतं तिथंच आहे. दाढी पूर्ण पांढरी. एका मोटरसायकलचं इंजिन उघडून बसले होते. मी नाव सांगायच्या आधीच म्हणाले, "प्रणिता बेटा. दुबली हो गई." हात पुसले, खुर्ची पुसली, चहा मागवला.

आता एक गोष्ट सांगायला हवी. ती सांगितल्याशिवाय हे प्रवासवर्णन पुढं जाणार नाही.

आमच्या नेमणुकीची पत्रं आली तेव्हा दोघींना वेगवेगळी बेटं मिळाली होती, मधे बोटीचे चार तास. शाहीननं घरी सांगितलं, की आम्ही एकाच शाळेत आहोत, एकाच खोलीत राहू. मलाही बजावलं, "अब्बांनी विचारलं तर हेच सांग." मी हो म्हटलं. दोन दिवसांनी चाचा एकटेच होस्टेलच्या फाटकाशी आले. "बेटा, तुम दोनो साथ रहोगे ना?" त्यांच्या त्या चेहऱ्यापुढं मला खोटं बोलवलं नाही. खरं सांगून टाकलं. त्या संध्याकाळी त्यांनी शाहीनला नाही म्हटलं. आणि आपण सांगितलं, हे मी शाहीनला कधीच सांगितलं नाही. तिचा फोन आला की तेच आठवायचं, म्हणून मी उचलेनाशी झाले.

चहा पिता पिता मीच विषय काढला. "चाचा, त्या दिवशी मी सांगितलं म्हणून तुम्ही तिला..."

"तू सच बोली. झूठ बोलती तो मैं भेज देता," ते सहज म्हणाले. मला ते कौतुक नको होतं.

"शाहीनला माहीत आहे?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली. "उसको लगा मैंने उसकी चिट्ठी चोरी से पढ़ी. बहुत झगड़ी. मैं चुप रहा. तेरा नाम लेता तो दोस्ती टूट जाती तुम्हारी."

मी कप खाली ठेवला. अकरा वर्षं या माणसानं माझ्या वाटचा राग आपल्या अंगावर घेतला होता, आमची मैत्री टिकावी म्हणून. आणि ती तर मी तिकडे बसून केव्हाच संपवली होती.

"येते ना ती इकडे?"

"ईद को आती है. शाम को वापस जाती है." एवढं बोलून त्यांनी पुन्हा पाना उचलला. रात्री त्यांनी जाऊ दिलं नाही. शेजारच्या भाभींनी दालचा-चावल पाठवला, मी शाहीनच्या जुन्या खोलीत झोपले.

दुसरा दिवस: पुसद

यवतमाळहून आर्णी, दिग्रस करत पुसद. साधारण तीन-साडेतीन तास धरा, आणि खिडकीची जागा हवी असेल तर सकाळची पहिली गाडी पकडा. दिग्रसला गाडी दहा मिनिटं थांबते, तिथले पोहे चांगले आहेत. वर तर्री मागून घ्यावी लागते. पुसद जवळ आलं की टेकड्या सुरू होतात. शेजारच्या सीटवर एक बंजारा आजी होत्या. त्यांनी मला विचारलं, "माहेरी चालली का सासरी?" मी म्हटलं, मैत्रिणीकडे. "मंग तर रिकाम्या हातानं नोको जाऊ." म्हणून पुसदच्या बाजारात उतरून मी एक किलो संत्री घेतली.

चाचांनी तिच्या शाळेचा पत्ता दिला होता. शाहीन व्हरांड्यात उभी होती, हातात खडू. जरा भरली आहे, चष्मा लागलाय. मला बघून तिनं खडूचा हात ओढणीला पुसला.

"काहून वं, रस्ता चुकली का?"

"नाही. तुझ्याकडंच आले."

"'तुझ्याकडंच'! बोलणं पाहा हिचं, पुण्याची झाली जशी." ती हसली, मीही हसले. मग मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये आम्ही संत्री सोलत बसलो. नवरा, घर, पगार, केस किती गेले, सगळं झालं. ती म्हणाली, "राग होता बरं तुह्यावर. फोन नाही उचले म्हणून. तीन वर्षं होता. मंग टाईमच नाही भेटला राग कराले."

तिथंच थांबता आलं असतं. ती हसत होती, संत्री गोड होती, परतीची बस दीड तासानं होती. पण मला चाचांचे खुर्ची पुसणारे ते हात दिसत राहिले.

"शाहीन, तुझं पत्र चाचांनी वाचलं नव्हतं. वेगळ्या बेटांचं मी सांगितलं त्यांना. होस्टेलवर आले होते. त्यांनी विचारलं, मले खोटं नाही बोलता आलं."

तिनं हातातली फोड परत सालावर ठेवली.

"तू सांगितलं."

"हो."

"अन् मी त्यायले चोर म्हटलं. तोंडावर म्हटलं." ती उठली. "तू मले एक फोन करून सांगू नाही शकली? एक?"

भीती वाटली, एवढंच म्हणाले. घंटा झाली. ती वर्गात निघून गेली, मी खुर्चीत बसून. बस गेली. वर्गातून तिचा आवाज येत होता, त्रिकोणाचे तीन कोन, पुन्हा पुन्हा तेच, जरा जास्तच मोठ्यानं.

शाळा सुटल्यावर ती आली आणि माझ्यासमोरच तिनं फोन लावला, स्पीकरवर.

"अब्बा, वो चिट्ठी आपने नहीं पढ़ी थी?"

पलीकडे हातोडीचा आवाज थांबला. "अंग्रेजी की चिट्ठी थी बेटा. मुझे कहाँ आती है पढ़ने को?"

शाहीननं डोळे मिटून घेतले. "मैं समझी किसी से पढ़वाई होगी आपने."

"हाँ, तो समझ लिया तूने. छोड़. खाना खाया?"

"नहीं अब्बा. अभी खाऊँगी." फोन ठेवला आणि ती टेबलावर डोकं टेकवून रडली. मी पाठीवर हात ठेवला, तो तिनं झटकला नाही. धरलाही नाही.

संध्याकाळच्या बसला ती मला सोडायला आली. स्टँडवर म्हणाली, "मले लय राग आहे तुह्यावर. खोटं कायले बोलू? आता जा."

घरी

कळंबला उतरले तेव्हा भाऊ घ्यायला आला होता. आईनं विचारलं, "भेटली का?" मी म्हटलं, भेटली. आणखी काही सांगता आलं नाही.

खर्चाचं विचाराल, तर एस.टी.नं हा सगळा फेरा एका साध्या हॉटेलातल्या जेवणाइतक्या पैशांत होतो. मालदीवहून नागपूरला यायला मला दोन विमानं आणि एक दिवस लागला. तिथून खरोखर घरी यायला आणखी किती लागणार, हे लोहाऱ्याला गेल्यावरच कळलं. समुद्राची आठवण येते, माझ्या वर्गातल्या मुलांची येते. पण सध्या मनात ती स्टाफरूमच जास्त असते.

पुढच्याच आठवड्यात चाचांचा फोन आला. शाहीन येऊन गेली होती. "दो दिन रही," ते म्हणाले, आणि मग तेच वाक्य परत म्हणाले.

ती स्वतः मला फोन करत नाही. मी दर रविवारी करते. पहिल्या रविवारी उचलला नाही, दुसऱ्याही नाही. तिसऱ्या रविवारी उचलला. म्हणाली, "पोट्ट्यायचे पेपर तपासून राह्यली. दहा मिनिटानं कर."

मी अंगणात बाजेवर बसून दहा मिनिटं काढली. मग केला.