देवराईतलं अंतराळयान

“पोट खाली ठीव आदी. मग पुढं चाल.”

म्हातारी खालच्या वळणावर खराटा रोवून उभी होती आणि तिथूनच ओरडत होती. आवाज असा, की तिकडं कोयनेच्या धरणाचे दरवाजे आपसूक उघडले असतील. मी रेनकोटाची बटणं गच्च धरून पायवाटेवर थांबलो. आत, बनियनवर दाबून धरलेलं माझं अंतराळयान. तोंड शक्य तेवढं गरीब करून मी म्हटलं, मावशी, पोट माझंच आहे, कराडला बसून बसून सुटलंय. तेवढ्यात पोट वाजायला लागलं. टुंई, टुंई, टुंई. यानाला कुणी हलवलं की धोक्याची घंटा वाजावी, लाल दिवा लागावा-विझावा, ही सोय मीच मोठ्या हौसेनं केलेली. रेनकोटातून लाल उजेड बाहेर फाकला. म्हातारी जागची हलली नाही. म्हणाली, “तुजं प्वाट लय शिकल्यालं दिसतंय.”

कराडला माझा गणपतीचे देखावे करायचा कारखाना आहे. फायबरचे हत्ती, फायबरचे राक्षस. माझा एक राक्षस बघून पलीकडच्या तालुक्यातल्या म्हशी आटल्या होत्या. मला आणि माझ्या धाकट्या बहिणीला एका परदेशी मालिकेचं वेड आहे. तिच्यातली माणसं दर भागात नव्या ग्रहावर उतरतात आणि दर भागात तिथून जीव घेऊन पळतात. बहीण जर्मनीत, मी कराडात. फोन चालू ठेवून दोघं एकाच वेळी बघतो. त्या मालिकेतल्या यानाची छोटी प्रत आम्ही केली. डोकं तिचं, हात माझे. पाच लिटरच्या कुकरएवढं यान, पोटात झाकणाचा कप्पा. ते रानात लपवायचं, ठिकाणाचे आकडे ॲपवर टाकायचे आणि लोकांनी मोबाईल बघत शोधत यायचं. जिओकॅशिंग म्हणतात याला. सापडलं की आतली एक वस्तू घ्यायची आणि आपली एक ठेवायची. जगभर चालतं. फक्त ह्या बाईच्या रानात चालत नाही.

रान मीच निवडलं होतं, महाबळेश्वरच्या खालच्या अंगाला. जांभूळ, हिरडा, अंजनी, एकेक बुंधा असा, की वळसा घालायचा तर भाकरी बांधून निघावं. सगळा डोंगर बोडका आणि इथंच एवढी झाडं कशी उरली, असं माझ्या मनात आलंच नाही. मला वाटलं, वा, हा तर परग्रह. ती देवराई होती. देवाच्या नावानं राखलेलं रान. तिथली वाळकी काटकीसुद्धा बाहेर न्यायची नाही, हा गावाचा नेम.

म्हातारी तिथल्या गुरवाची बायको, रोज देवळाची झाडलोट करायला वर येणारी. पुण्याची पोरं यान शोधून काढायची, आपली वस्तू ठेवायची, आतली घेऊन उतरायला लागायची, की वळणावर ही उभी. खिसे उलटे करायला लावायची. घेतलेलं मुकाट्यानं परत ठेव. आणि आपण ठेवलेलं? तेही आता देवाचं. यान फुगून फुगून कुकरची शिट्टी व्हायच्या बेताला आलेलं. झाकण बसेना, तर हिनं ते सुतळीनं करकचून बांधलं. अंतराळयान, आणि त्याला सुतळी. ॲपवर पोरांनी लिहिलं, जागा सुंदर, पहारेकरीण भयंकर. ते वाचून मी असा तापलो, की कारखान्यातल्या गड्यांनी माझ्या डोक्यावर चहा उकळून घेतला असता.

तरी नुसत्या त्या रागानं मी एवढा डोंगर चढलो नसतो. बहीण येणार होती, कितीतरी वर्षांनी, तेही चार दिवसांसाठी. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, हातात काठी. यान तिनं फक्त फोनवर पाहिलेलं, आणि स्वतः रानात जाऊन ते शोधायचं, एवढी एकच गोष्ट तिनं माझ्याकडं मागितली होती. ह्या चढावर ती कशी येणार? म्हणून यान काढायचं आणि रस्त्याकडेच्या सपाट झाडीत लपवायचं, असा माझा बेत होता.

हे मी म्हातारीला आधी गोडीनं सांगितलं, मग आवाज चढवून. म्हटलं, हे लाकूड नव्हे, फायबर आहे, देवाला फायबर घेऊन काय करायचंय? ती म्हणाली, देवाला लाकूड तरी काय करायचंय? मी म्हटलं, देवळापुढं ठेवायला फायबरचा वाघ फुकट करून देतो.

“आन की,” ती म्हणाली. “त्योबी हितंच ऱ्हाईल.”

माझं टाळकं फिरलं. माझ्या ओरडण्यानं झाडावरची माकडं दोन डोंगर पलीकडं गेली असतील. “आवं मावशी, भन काठी टेकत येतीया माजी. तिनंच केल्यालं हाय ते. तिला एकदा दिसू ने का? तुमच्या देवाला काय मायाबिया?”

“तिला येऊ नगं म्हनलंय का मी? न्यायाचं न्हाई, एवढंच म्हनलंय.”

शेवटी मीच ते यान जांभळीच्या ढोलीत परत आदळलं. टुंई, टुंई. उतरताना म्हातारीला, तिच्या खराट्याला, तिच्या देवाला, सगळ्यांना शिव्या घातल्या. पायाला कृष्णाकाठच्या वांग्याएवढ्या जळवा लागल्या होत्या, त्यांनाही सोडलं नाही. खाली रेंज आल्या आल्या बहिणीला फोन लावला आणि सगळा राग तिच्या कानात ओतला. माझ्या सांगण्यात म्हातारी ताडाएवढी झाली, हातात खराट्याच्या जागी कोयता आला. बहीणही चिडेल, माझ्या बाजूनं चार शब्द बोलेल, असं मला वाटत होतं. शेवटी मी म्हटलं, संपलं सगळं, यान तिथून हलत नाही आणि तो चढ तुला ह्या जन्मी जमायचा नाही.



“मग त्या दिवशी सकाळी लवकर निघू,” ती म्हणाली.