ओल्या चुन्यावरचा घनश्याम

श्रीमती सुलोचना लोंढे यांचा आणि माझा परिचय एका टिळ्याने झाला. परभणीच्या ज्या विद्यालयात भावी कलाशिक्षक घडवले जातात, तेथे रंगसाधने आणि अभिव्यक्ती हा विषय त्या शिकवीत. मला मूर्तिलक्षणांवर चार शब्द सांगण्यासाठी बोलावले होते. पूजा घाईत आटोपल्यामुळे टिळा लावायचा राहिला होता. शिक्षककक्षात एका खलात काही तांबूस उगाळून ठेवलेले दिसले. अष्टगंध समजून मी बोट बुडवले आणि कपाळी लावले.

“अहो शास्त्रीबुवा, तो गेरू आहे! डिंकात खललेला!” सुलोचनाताई हसू आवरीत म्हणाल्या. “वाळला की कपाळ कसं ओढायला लागतंय बघा आता.”

त्या दिवशी व्याख्यानभर मला भुवई हलवता आली नाही. विद्यार्थी एकाग्र होते, पण कशाकडे पाहून, ते मी जाणून होतो.

पुढे मी तेथे नेमाने शिकवायला जाऊ लागलो. आपल्या प्राचीन शास्त्रकारांनी प्रत्येक रसाला वर्ण नेमून दिला आहे. शृंगार श्याम, हास्य शुभ्र, करुण कपोतवर्ण. हे मी फळ्यावर लिहून निघालो, की मागाहून ताईंचा तास सुरू होई. त्या विचारीत, “कपोत म्हणजे कोणतं कबुतर? पावसात भिजलेलं, की उन्हात छपरावर बसलेलं? जा, बघून या, मग करडा रंग कालवा.” पाठांतराने मला जे साधले नाही, ते त्या मुलांना डोळ्यांनी शिकवीत. मूल जे पाहते तेच त्याला काढू द्यावे, ही त्यांची शिकवण मला आरंभी थोडी स्वैर वाटे. तिचे मोल मला पुढे एका भिंतीपाशी कळले.

काही वर्षांपूर्वी झरीजवळच्या एका गावी कृष्णमंदिराची भिंत चितारण्याचे काम विद्यालयाकडे आले. गोकुळाष्टमीपूर्वी ते व्हावे, अशी पंचांची इच्छा होती. ताईंनी ते रेणुका नावाच्या विद्यार्थिनीला दिले. रेणुका पालमकडची, तिचे वडील मेंढ्या घेऊन रानोमाळ हिंडणारे. तिने मुरलीधर काढला, पण त्याच्या खांद्यावर शेल्याऐवजी वडिलांसारखी काळी घोंगडी टाकली. पंच कुरकुरले. ताई एवढेच म्हणाल्या, “तिनं गुराखी बघितलाय, म्हणून तिला देव दिसला.” देवाचे अंग मेघश्याम असावे, असे मी सांगितले होते. त्यासाठी रेणुकेने बाजारातून प्रशियन निळ्याची पूड आणली. रंग असा गहिरा उतरला, की मी स्वतः हात जोडले.

अष्टमी तोंडावर आली आणि निरोप आला. भिंतीवरचा श्याम विटून पिवळट तपकिरी झाला होता. ताईंसोबत मीही एसटीने गेलो. देवळापुढे गाव जमले होते.

“किस्नाला कावीळ झाली की वो!” कोणी तरी ओरडले आणि हशा पिकला.

“मेंढक्याच्या पोरीनं देव काढल्यावर दुसरं काय व्हनार?” एक पंच म्हणाले. “पुसून टाका. फ्लेक्स आणू. तासाभरात देव हजर!”

एक म्हातारी मात्र हसत नव्हती. “देवाचा रंग उतरलाय. कोप हाय काय तरी,” ती पुटपुटली.

रेणुका खांबाआड उभी होती. “मॅडम, मी जाते गावाकडं. न्हाई शिकायचं मला,” ती म्हणाली. तिच्या खांद्यावर तिची पिशवी होती. ती खरोखरच निघाली होती.

ताईंनी पूजेच्या ताटातली हळद घेतली, पाण्यात कालवली आणि म्हातारीला विचारले, “आजी, हळदीचं कुंकू कशानं हुतंय?”

“चुन्यानं, बाई. येवढं बी ठाव न्हाई व्हय, मास्तरीण असून?”

ताईंनी ती हळद भिंतीला लावली. बघता बघता ती लालभडक झाली. गर्दी पुढे सरकली.

“हा कोप न्हाई, आजी. भिंतीतला चुना अजून ओला, जिता हाय, आन् ही बाजारची निळी पूड त्याच्यापुढं टिकत न्हाई. तुमच्या घरांच्या निळ्या भिंती बघा. त्यात कापडाला घालायची नीळ घालता, ती टिकती. चूक पोरीची न्हाई, माझी हाय. मी तिला कागदावरचा रंग शिकवला, भिंतीला विचारायला शिकवलं न्हाई.”

“ते झालं खरं. पण अष्टमीचं काय?” पंचांनी विचारले.

ताई माझ्याकडे वळल्या. “शास्त्रीबुवा, सांजेला गुरं घेऊन घरी येताना देव कसा दिसायचा?”

“गोरजाने, गुरांच्या खुरांच्या धुळीने माखलेला,” मी म्हणालो. त्यांना काय हवे होते, ते बोलता बोलताच माझ्या ध्यानी आले.

“मग यंदा तसाच पुजा.”

म्हातारीच पुढे झाली. भिंतीपुढे लोण्याचा गोळा ठेवीत म्हणाली, “दमून आलंय लेकरू.”

पंचांनी घोंगडीकडे एकदा पाहिले. “फ्लेक्सवाल्याला नगं म्हणून कळवा,” ते म्हणाले. रेणुकेने पिशवी खाली ठेवली.

भिंत पुरती मुरल्यावर तिने देवाला पुन्हा श्याम केले, या खेपेस निळीने. ताईंनी तिला पावले मात्र तशीच धुळकट ठेवायला सांगितली. त्या वर्षापासून प्रत्येक तुकडी चुना, माती आणि पत्रा यांवर रंगाचे पट्टे ओढून वाट पाहते, आणि मगच ब्रश उचलते. रेणुका आज वालूरकडच्या एका शाळेत कलाशिक्षिका आहे. तिच्या वर्गात कपोताचा रंग विचारला, की मुले खिडकीकडे धावतात म्हणे.

ताई साठ वर्षांच्या झाल्या. वयाने मी त्यांच्याहून बराच मोठा, म्हणून आशीर्वाद देण्याचा अधिकार घेतो. त्या देवळात गेलो, की आजही माझा माथा त्या धुळीच्या पावलांवरच टेकतो. त्याच पावलांपाशी माझे मागणे आहे: ताईंना उदंड, निरामय आयुष्य लाभो, आणि गावोगावच्या भिंतींपाशी जाणाऱ्या त्यांच्या पावलांना अशीच धूळ लागत राहो.