सोनारबाईंचं लाल सोनं

सोनारबाई कुठलाही द्रव पदार्थ आधी उजेडाकडे धरून बघत. चहा, खोकल्याचं औषध, काहीही. एकदा डबा खाताना त्यांनी माझ्या सोलकढीची वाटी खिडकीशी नेली आणि विचारलं, "मीठ घातल्यावर हिचा रंग बदलतो का गं?" मी जन्मभर ती कढी पीत आले होते. हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

जातीने किंवा धंद्याने त्या सोनार नव्हत्या. फणसवाडीत भावाच्या बिऱ्हाडी राहणाऱ्या, चाळिशीच्या, अविवाहित बाई. परळच्या आमच्या प्रयोगशाळेत त्या सोन्यावर काम करत, म्हणून शिपायांनी हे नाव ठेवलं आणि त्यांनी ते हसत घेतलं. रसायनशास्त्र शिकून मी त्यांच्या हाताखाली लागले, ते संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. गिरण्यांच्या फाटकांवर सभा चालत, आणि आत आम्ही सोनं उकळत असू.

बाईंना सोन्याचे इतके बारीक कण हवे होते, की ते जिवंत पेशीच्या आत शिरावेत आणि पेशीला इजा होऊ नये. पुढेमागे अशा कणांचा रोगावर उपयोग होईल, अशी त्यांना आशा होती. सोन्याच्या क्षाराचं उकळतं पाणी फिकट पिवळं असे. त्यात सायट्रेट हा लिंबातल्या आम्लाचा क्षार पडला की ते आधी निवळे, मग काळपटे आणि बघता बघता डाळिंबाच्या रसासारखं लाल होई. शेकडो वेळा पाहूनही त्या क्षणी बाई स्टुलावरून उठून उभ्या राहत.

अडचण पुढेच होती. रक्तात मीठ असतं, आणि मिठाचं पाणी लागलं की कण एकमेकांना चिकटत. लाल रंग निळा होई, तळाशी काळा गाळ बसे. म्हणून बाईंनी कणांवर जिलेटिनचा लेप चढवला. मग मात्र मीठ घातलं तरी लाल ते लालच राहिलं.

कणांची परीक्षा त्या स्वतःच्या रक्तावर घेत. बोट टोचून काचपट्टीवर थेंब घ्यायचा. पट्टी अंगाइतकी ऊबदार ठेवली की सूक्ष्मदर्शकाखाली पांढऱ्या पेशी सरपटताना दिसत. मी काही शंका काढली की म्हणत, "मला काय विचारतेस? पेशीला विचार."

पेशींनी उत्तर दिलं ते वाईट होतं. लेप दिलेलं सोनं घातल्यावर त्या तासाभरात आकसून गोल झाल्या आणि थांबल्या. सोनं पेशीला घातक आहे, असा अहवाल बाईंनी लिहिला. प्रयोगशाळेच्या साहेबांना तो आवडला, त्यांनी तो दिल्लीला धाडला, आणि आता वरची जागा बाईंचीच, असं सगळे बोलू लागले.

पुढच्याच आठवड्यात हरताळ पडला. ट्राम बंद, बस बंद. मी परळलाच राहत होते म्हणून चालत आले, तर बाई माझ्याआधी हजर. फणसवाडीहून पायी आलेल्या, एका चपलेचा अंगठा तुटलेला.

"बाई, आज कशाला आलात?"

"अगं, आपण सोन्याला दोष देऊन मोकळे झालो. नुसतं जिलेटिन घालून पाहिलंच नाही!"

त्या दिवशी पाहिलं. सोन्याचा कणही नव्हता, तरी पेशी थांबल्या. जिलेटिन टिकावं म्हणून कारखान्यात त्यात काहीतरी मिसळलेलं असणार.

हरताळ संपला त्या सकाळी अहवाल चुकल्याचं दिल्लीला कळवणारं पत्र घेऊन बाई साहेबांपुढे उभ्या राहिल्या. मी दाराशी वही घेऊन होते.

"अहवाल गेला, बाई. तिकडे कोण तपासणार आहे?" साहेब म्हणाले.

"कोणीतरी वाचेल आणि सोन्याचा नाद सोडून देईल. चूक माझी आहे, पत्रावर सही माझीच असू दे."

"तुमच्या जागेचं काय होईल, कल्पना आहे ना?"

"आहे."

बाहेर आल्यावर त्यांनी ते पत्र स्वतः टपालात टाकलं.

वरची जागा दुसऱ्याला मिळाली. बाईंची बदली रस्त्यापलीकडच्या इमारतीत, पिण्याचं पाणी तपासायच्या खात्यात झाली. निघताना त्या जिलेटिनचे तुकडे गार पाण्यात भिजवून गेल्या. मी रडू लागले, तर म्हणाल्या, "रडायचं तर रड, पण पाणी बदलायला विसरू नकोस. आत जे काय आहे ते धुऊन निघू दे."

चार दिवस मी पाणी बदललं. पाचव्या दिवशी नवा लेप चढवून माझं बोट टोचलं. तास गेला, दोन तास गेले. पेशी सरपटत राहिल्या, आणि त्यांच्या पोटात सोन्याचे बारीक ठिपके चमकत होते. मी धावत रस्ता ओलांडला.

"किती वेळा पाहिलंस?" बाईंनी विचारलं.

"एकदा."

"मग अजून दोनदा बघ. मग ये."

तिसऱ्यांदाही तेच दिसलं, तेव्हा बाई हातातली बाटली ठेवून जेवणाच्या सुट्टीत माझ्याबरोबर आल्या. आपल्या जुन्या टेबलाशी वाकल्या, डोळा लावला.

"चालतायत गं," त्या हळूच म्हणाल्या. "सोनं घेऊन चालतायत."

सुट्टी संपल्याची घंटा झाली. मी त्यांना हाक मारली.

"थांब जरा. ही एक पेशी काठाबाहेर जाईपर्यंत बघते."

ती गेली. बाईंनी काचपट्टी किंचित सरकवली आणि दुसरी शोधू लागल्या.